कारभाऱ्याचे गावाकडचे घर: मेणवलीचा वाडा

पेशवाईतले सर्वांत मोठे घर पुण्यात होते आणि ते जळून गेले. १७३० साली पाया घातलेला शनिवारवाडा १८२८ च्या फेब्रुवारीत पेटला आणि कित्येक दिवस धुमसत राहिला. आज तिथे तट आहे, बुरूज आहेत, दिल्ली दरवाजा आहे. आत जिथे माणसे राहत होती तिथे जोती आणि कारंज्यांचे हौद एवढेच उरले. पुण्यातले बाकीचे बरेच वाडे आगीशिवायच गेले. भाऊबंदकी झाली, वाटण्या झाल्या, भाडेकरू आले, बिल्डर आले. त्यामुळे अठराव्या शतकातला बडा मराठी माणूस प्रत्यक्ष कसा राहत होता हे पाहायचे असेल, तर माझा आग्रह असा की पुणे सोडून सातारा जिल्ह्यात यावे. वाईपासून तीन-एक किलोमीटरवर, धोमच्या वाटेला, कृष्णेच्या काठी मेणवली आहे. तिथे नाना फडणवीसांचा वाडा उभा आहे. राजधानीपासून दूर, आडबाजूला बांधलेले हे घर टिकले, आणि दूर होते म्हणूनच टिकले.

नाना म्हणजे बाळाजी जनार्दन भानू. भानू घराणे मूळचे श्रीवर्धनचे. नानांचे आजोबा बाळाजी महादेव हे बाळाजी विश्वनाथाबरोबर घाटावर आले. नानांचा जन्म मात्र १२ फेब्रुवारी १७४२ चा, साताऱ्यातला. म्हणजे हा मुलूख त्यांना परका नव्हता. १७६१ ला पानिपतावर आई हरवली, स्वतः कसेबसे जीव वाचवून परत आले आणि थोरल्या माधवराव पेशव्यांच्या हाताखाली फडणिशी सांभाळू लागले. १७६८ च्या डिसेंबरात औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी आणि साताऱ्याचे रघुनाथ घनश्याम मंत्री यांनी त्यांना मेणवली दिली. त्या वेळी नानांचे वय सव्वीस. बारभाईंचे कारस्थान, सालबाईचा तह, खर्ड्याची लढाई हे सगळे अजून पुढे होते. मिळालेल्या जागेवर त्यांनी आधी गावाची घडी बसवली आणि मग वाडा, नदीवर घाट आणि दोन देवळे बांधली.

जागा निवडण्यातला विचार लक्षात घेण्यासारखा आहे. वाई हे रास्त्यांचे गाव. नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई याच रास्ते घराण्यातल्या. १७५७ ला आनंदराव रास्त्यांनी तिथे काशीविश्वेश्वराचे देऊळ बांधले होते, १७६२ ला गणपतराव रास्त्यांनी ढोल्या गणपतीचे. विद्वान ब्राह्मण, घाट, देवळे, बाजार असे सगळे जवळ होते. वरच्या अंगाला पाचगणी-महाबळेश्वरचा डोंगर आणि त्यापलीकडे कोकणात उतरणारे घाट. पुण्यात काही बिनसले तर आसरा घ्यायला आणि तिथूनही निघून जायला हे ठिकाण सोयीचे होते. नानांनी हे सगळे १७६८ मध्येच हेरले असेल असे मी म्हणत नाही, पण पुढे तसेच घडले.

वाडा सहा चौकी आहे. बाहेरून पाहणाऱ्याला तो जवळजवळ काहीच सांगत नाही: उंच भिंत, दरवाजा, बस्स. युरोपातल्या धनिकाचे घर दुरूनच आपला थाट दाखवते, लांबलचक रस्ता, हिरवळ, मग खांबांची रांग आणि खिडक्यांच्या ओळी. वाड्याला असा दर्शनी चेहरा नसतो. त्याचा थाट आत, चौकात असतो. दिंडी दरवाजातून वाकून आत जायचे, देवडीवरून वळायचे, आणि मग एकदम डोक्यावर आकाश आणि चारी बाजूंना लाकडी खांबांचा सोपा. एका चौकातून दुसऱ्यात जाताना माणसाची प्रतवारी होत जाते. पहिल्या चौकापर्यंत कुणीही येणार, कामकाजाच्या चौकापर्यंत ज्याचे काम आहे तो, आणि त्याच्या आत माजघर, देवघर, स्वयंपाकघर, कोठार. दारांच्या रांगेतच घराचा दर्जा, सोवळे-ओवळे, स्त्री-पुरुषांचे वावर, हे सगळे बांधून ठेवलेले असे. या व्यवस्थेचे कौतुक करताना तिच्यात कोणाला किती आत येता येत होते आणि कोणाला दारातूनच परतावे लागत होते, हेही विसरू नये. तो भेद वाड्याच्या नकाशातच आहे.

चौकाचे काम केवळ मोकळ्या जागेचे नव्हे. अशा खोल घरांना बाहेरच्या भिंतीत खिडक्या ठेवल्या की चोराचिलटांची आणि शत्रूची भीती. म्हणून बाहेरच्या अंगाला खालच्या मजल्यावर भोकेच कमी ठेवायची आणि उजेड, वारा, पाऊस हे सगळे मधून घ्यायचे. उन्हाळ्यात चौकातली हवा तापून वर जाते आणि सोप्यातली गार हवा तिची जागा घेते. पावसाळ्यात चारी उतरत्या छपरांचे पाणी चौकात पडते आणि दगडी मोरीतून बाहेर निघते. सोप्याची वळचण पुढे आलेली असते, त्यामुळे खांबांना ओल लागत नाही.

बांधणीकडे पाहिले की खरा चमत्कार तिथे आहे. जोते काळ्या दगडाचे, घडीव, जमिनीपासून चांगले उचललेले. त्यावर लाकडाचा सांगाडा. अशा वाड्यात भार मुख्यतः लाकडावर असतो. मधल्या भिंती बऱ्याच ठिकाणी केवळ भराव म्हणून असतात. प्रत्येक सागवानी खांब दगडी तळखड्यावर उभा करतात, थेट जमिनीत कधीच पुरत नाहीत. कारण साधे आहे: लाकूड कुजते ते जमिनीच्या ओलीने आणि वाळवीने, आणि तळखडा त्या दोघांनाही अडवतो. दोनशे-अडीचशे वर्षे खांब जागेवर आहेत याचे निम्मे श्रेय त्या हातभर दगडाला द्यायला हवे. खांबाच्या माथ्यावर हस्त, हस्तांवर तुळई, तुळईवर कड्या, कड्यांवर पाट आणि त्यावर मातीचा थर. हा कडीपाट जड असतो, पण वरच्या मजल्यावरची उष्णता तो खाली येऊ देत नाही. दोन खांबांमधले अंतर म्हणजे खण, आणि घराचे माप याच खणांत सांगायचे. पाच खणी सोपा म्हटला की सुताराला लाकडाचा, गवंड्याला जोत्याचा आणि मालकाला खर्चाचा अंदाज एकाच वेळी यायचा.

पेशवाई सुतारकामाची ओळख पटवणारे सुरूदार खांब आणि केळफुलाचे नक्षीकाम वाई परिसरात ठिकठिकाणी पाहायला मिळते. सुरूच्या झाडासारखा तळाशी फुगीर होऊन वर निमुळता होत जाणारा खांब, वर पाकळ्यांचे नक्षीकाम, दोन खांबांमध्ये महिरप. हे सगळे उत्तरेतून, मोगली इमारतींतून आले आणि इथल्या सुतारांनी ते दगडातून लाकडात आणले. मूळ मोगली महिरप दगडी असून भार पेलते. वाड्यातली महिरप बहुधा फळ्यांची, शोभेची. भार वर तुळईच पेलते. म्हणजे रूप घेतले, पण बांधणीचे तत्त्व आपलेच ठेवले. मला हे फार सुंदर वाटते.

चुन्याचे काम तितकेच कसबाचे. चुनखडी भाजून, भिजवून, वाळूबरोबर बैलाच्या घाण्यात दिवसचे दिवस मळायची. त्यात गूळ, बेलफळाचे पाणी, हिरडा, ताग असे पदार्थ घालायची जुनी रीत होती. गुळामुळे चुना सावकाश आवळतो, त्यामुळे तडे कमी जातात. तागाचे धागे गिलाव्याला धरून ठेवतात. असा चुना सिमेंटसारखा ताठ होत नाही. भिंत थोडी हलली तर तोही थोडा सरकतो, आणि भिंतीतली ओल त्याच्यातून बाहेर पडत राहते. म्हणूनच जुन्या वाड्याची दुरुस्ती सिमेंटने केली की दोन-चार पावसाळ्यांत आतली माती आणि लाकूड कुजायला लागते. दुरुस्ती करणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण परिणाम घातकी होतो. सातारा जिल्ह्यासाठी याला आणखी एक बाजू आहे. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप याच जिल्ह्यातला. सांध्यांना थोडी हालचाल करू देणारा लाकडी सांगाडा असे धक्के ताठ दगडी भिंतींपेक्षा बरे झेलतो.

मेणवलीच्या वाड्यात काही भिंतींवर चित्रे आहेत, देवादिकांची, खनिज आणि वनस्पतींच्या रंगांतली. काही फिकट झाली आहेत, काही अजून ताजी वाटतात. नानांचा म्हणून दाखवला जाणारा पलंगही आहे. हे सगळे आजवर राहिले ते प्रामुख्याने नानांच्या वंशजांनी वाडा आपलाच ठेवला आणि सांभाळला म्हणून. खासगी कुटुंबाने सहा चौकी वाडा उभा ठेवायचा म्हणजे दर पावसाळ्याआधी कौले चाळायची, वाळवी शोधायची, कुजलेली कडी बदलायची. आणि तशी सागवानी कडी आज मिळणेच मुश्कील.

मागच्या बाजूने घाटाकडे उतरायचे. मेणवलीचा घाट काळ्या दगडाचा, अर्धचंद्राकार, पायऱ्या नदीत सरळ उतरत गेलेल्या. घाटावर मेणेश्वराचे म्हणजे महादेवाचे आणि विष्णूचे अशी दोन देवळे. जवळच एका छोट्या मंडपात मोठी घंटा टांगली आहे. ती इथल्या ओतशाळेतली नाही, पोर्तुगिजांची आहे. चिमाजी अप्पांनी १७३९ ला वसई घेतली तेव्हा तिथल्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांच्या हाती आल्या आणि महाराष्ट्रभर देवळांत गेल्या. भीमाशंकरला एक आहे, नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात एक आहे, मेणवलीला ही. तिच्यावर १७०७ हे साल आणि बाळ येशूला घेतलेली मेरी कोरलेली आहे, वजन साडेसहाशे किलोच्या आसपास सांगतात. चर्चची घंटा शिवाच्या देवळापाशी वाजू लागली याचा अर्थ विजयाची खूण म्हणूनच लावला पाहिजे. पण तिच्यावरची मेरी कोणी खरवडून काढली नाही, हेही नोंदवण्यासारखे. अलीकडच्या पिढीला हा घाट 'स्वदेस' या २००४ च्या चित्रपटामुळे ठाऊक आहे.

आता सांगलीकडे वळू, कारण नानांच्या आयुष्यातला मेणवली-वाईचा सर्वांत निकराचा प्रसंग सांगली जिल्ह्यातल्या एका सरदारामुळे घडला. १७९५ च्या ऑक्टोबरात पेशवे सवाई माधवराव गेले आणि पुण्यात वारसाचे राजकारण पेटले. नानांचे जुने साथी परशुरामभाऊ पटवर्धन तासगावचे. तासगावला सात मजली गोपुराचे गणपतीचे देऊळ त्यांनीच बांधले; १७७९ ला सुरू होऊन १७९९ ला पुरे झाले. या गोंधळात नाना आणि भाऊ यांचे फाटले. १७९६ ला नाना पुणे सोडून साताऱ्याला आणि मग वाईला येऊन राहिले. भाऊंनी आपला मुलगा हरिपंत याला फौज देऊन नीरा उतरवली. नानांना हेतू कळला आणि ते घाट उतरून महाडला, रायगडाच्या आश्रयाला गेले. तिथे बसून त्यांनी निजाम, शिंदे, इंग्रज, भोसले अशा सगळ्यांशी बोलणी चालवली, बाजी पालटली आणि त्या वर्षाच्या शेवटी पुन्हा पुण्याच्या कारभारात आले. कृष्णाकाठच्या घराची आणि पाठीमागच्या घाटवाटांची उपयुक्तता तेव्हा सिद्ध झाली.

पटवर्धनांच्या वास्तूंवर वेगळे लिहिता येईल. १८०१ मध्ये चिंतामणराव अप्पासाहेब मिरजेपासून वेगळे झाले आणि सांगलीत त्यांनी गणेशदुर्ग बांधला. तो किल्ला आणि राजवाडा दोन्ही. काळ अजून असा होता की घराला खंदकाची गरज वाटावी.

नाना १३ मार्च १८०० ला पुण्यात वारले. त्यांची पत्नी जिऊबाई तेव्हा अजून बालवयातली. तिच्या वाट्याला आधी दुसऱ्या बाजीरावाचा ससेमिरा आला. मग लोहगडावर, नानांशी निष्ठावान राहिलेल्या धोंडो बल्लाळ नित्सुरे यांच्या आश्रयाला ती राहिली. इंग्रजांशी झालेल्या करारानंतर पनवेलीस गेली. इंग्रजांनी तिला सालिना १२,००० रुपये तनखा दिला. पेशवाई बुडाल्यावर ती मेणवलीला येऊन राहिली आणि १८५४ पर्यंत जगली. मेणवलीच्या इतिहासात जिऊबाईला जितके महत्त्व द्यायला हवे तितके दिले जात नाही. नानांनी वाडा बांधला, पण त्यात सलग राहून तो राहता ठेवणारी ती. घरात माणूस आहे, चूल पेटते आहे, छपराची डागडुजी होते आहे, एवढ्यानेच घर टिकते. आणि घराबरोबर माळ्यावरचे कागद टिकतात.

त्या कागदांची गोष्ट सांगायची तर साताऱ्यातल्या स्कॉटिश साहेबांकडे यावे लागते. १८१८ मध्ये प्रतापसिंह महाराजांना साताऱ्याच्या गादीवर बसवले गेले आणि त्यांच्यापाशी रेसिडेंट म्हणून जेम्स ग्रँट आला, पुढचा ग्रँट डफ. जन्म १७८९, स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या बॅन्फ गावचा. वय अवघे एकोणतीस. १८२२ पर्यंत तो इथे होता. महाराजांचे कागद त्याच्या हाताशी होते. त्यातून आणि पुण्याच्या दफ्तरातून त्याचा तीन खंडी मराठ्यांचा इतिहास झाला, तो १८२६ ला लंडनला छापला गेला. त्याच्यानंतर साताऱ्याला आलेल्या जॉन ब्रिग्जने नानांचे आत्मवृत्त इंग्रजीत आणले. पानिपतावरून परतण्यापर्यंतची हकिकत सांगणारा हा छोटा मजकूर, एका मराठी कारभाऱ्याने स्वतःबद्दल इतके मोकळे लिहावे याचे विरळ उदाहरण आहे.

ग्रँट डफ ज्या बॅन्फमध्ये जन्मला तिथे एक प्रसिद्ध महाल आहे, डफ हाउस. विल्यम ॲडम या वास्तुकाराने विल्यम डफ, म्हणजे लॉर्ड ब्रेको यांच्यासाठी १७३५ मध्ये तो सुरू केला, शनिवारवाड्यानंतर पाचच वर्षांनी. उंच मधली इमारत, कोपऱ्यांवर बुरुजांसारखे भाग, दर्शनी भागावर कोरीव अर्धस्तंभ. दोन्ही बाजूंना पंख यायचे होते, ते कधीच आले नाहीत: दगडाच्या नक्षीकामाच्या खर्चावरून मालक आणि वास्तुकार यांचा वाद कोर्टात गेला, कित्येक वर्षे चालला आणि निकाल ॲडमच्या बाजूने लागला. रागावलेला मालक त्या घरात कधी राहायला गेला नाही.

डफ हाउस आणि मेणवली शेजारी ठेवून पाहण्याचा मला मोह होतो. स्कॉटलंडमध्ये त्याआधीची शतके टोळ्यांच्या भांडणांची होती. तिथला जमीनदार टॉवर हाउसमध्ये राहायचा: जाड दगडी भिंती, खालच्या मजल्यावर खिडक्या जवळजवळ नाहीत, भिंतीच्या जाडीतच कोरलेले अरुंद जिने. आपल्या गढ्या-वाड्यांत तसेच भिंतीतले जिने सापडतात, आणि कारणही तेच. एका वेळी एकच माणूस चढेल, आणि वरचा त्याला अडवील. अठराव्या शतकात स्कॉटलंडला स्थैर्य आले, पैसा आला, आणि घराने भिंत उघडून रस्त्याकडे तोंड केले. डफ हाउसच्या कोपऱ्यांवरचे बुरुजासारखे भाग ही त्या जुन्या काळाची शोभेपुरती राहिलेली आठवण. मेणवली त्याच शतकातली, पण इथे स्थैर्य आलेच नव्हते. १७९६ ला मालकाला स्वतः पळावे लागले. म्हणून इथे भिंत खरी होती, दरवाजाचा अडसर खरा होता, आणि सौंदर्य आतच राहिले. शैलीतला हा फरक अभिरुचीपेक्षा सुरक्षिततेने जास्त ठरवला, असे मला वाटते.

ग्रँट डफ परत गेला आणि ईडन नावाच्या इस्टेटीचा मालक झाला. १८२९ ला झालेल्या मुलाचे नाव त्याने माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन ठेवले. हाच मुलगा पुढे १८८१ ते १८८६ मद्रासचा गव्हर्नर होता. डफ हाउसचे नंतर हॉटेल झाले, रुग्णालय झाले, दुसऱ्या महायुद्धात युद्धकैद्यांची छावणी झाली. सरकारने ते हाती घेतले, दुरुस्त केले आणि १९९५ ला स्कॉटलंडच्या राष्ट्रीय कलादालनाचा भाग म्हणून लोकांसाठी उघडले.

मेणवलीचे दफ्तर वाड्यात राहिले नाही. साताऱ्याच्या दत्तात्रय बळवंत पारसनीसांनी ते मिळवले. ते त्यांच्या मोठ्या संग्रहात गेले, १९२५ मध्ये साताऱ्याला उघडलेल्या संग्रहालयात आले आणि १९३९ ला संग्रहाबरोबर पुण्याला डेक्कन कॉलेजात गेले. सांगलीकडे तोपर्यंत मिरजेच्या शाळेतले संस्कृतचे शिक्षक वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धनांच्या दफ्तरातून 'ऐतिहासिक लेखसंग्रह' खंडामागून खंड छापला होता. नानांचे चरित्रही त्यांनीच १८९२ ला लिहिले. इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे यांच्या साधनग्रंथांचा पहिला खंड १८९८ चा, तोही वाईत सापडलेल्या कागदांवरून. म्हणजे मराठ्यांच्या इतिहासाची लिखित साधने मोठ्या प्रमाणावर कृष्णाकाठच्या वाड्यांतूनच बाहेर पडली. दफ्तर पुण्याला गेल्याने ते सुरक्षित राहिले, अभ्यासकांना मिळाले, हे चांगलेच झाले. पण वाडा पाहायला येणाऱ्याला त्यातला एकही मोडी कागद दिसत नाही, आणि डेक्कन कॉलेजात कागद वाचणाऱ्याला तो कोणत्या चौकात कोणासमोर लिहिला गेला ते कळत नाही. आज छायाप्रती काढणे अवघड राहिलेले नाही. कामकाजाच्या चौकात दहा-वीस निवडक पत्रांच्या प्रती, शेजारी बाळबोध लिप्यंतर आणि प्रत्येक पत्र कोठून आले, त्याचे उत्तर काय गेले याची चार ओळींची नोंद एवढे लावले, तरी शाळेच्या सहलीला आलेल्या मुलांना महाडहून नानांनी बाजी कशी फिरवली हे तिथेच उभे राहून वाचता येईल.